हीटर बंद करायचा नाही

"हीटरच्या बटनाले हात लावायचा नाही. अन् काहून, ते इचारायचं नाही!"

मत्स्यालयात मी रुजू झाले त्या दिवशी ट्रस्टचे अध्यक्ष काकाजी यांनी मला एवढंच ट्रेनिंग दिलं. मी झूऑलॉजीत बीएस्सी. पण नोकरी नवी होती, गप्प बसले. तेव्हापासून इथले किस्से साचताहेत, टाकीच्या काचेवर शेवाळ साचतं तसे. रोज पुसा, सकाळी पुन्हा आहेच!

* * *

वणीजवळच्या आमच्या गावात मत्स्यालय आहे म्हटलं की लोक आधी हसतात. काकाजींचे वडील, म्हणजे दादाजी, युरोपातल्या एका शहरात फार जुनं मत्स्यालय पाहून आले आणि तस्संच इथं बांधलं. दारावर दगडी मासा. आत बिनखिडक्यांचा अंधारा हॉल. आणि प्रत्येक टाकीत हीटर, कारण तिथं होता! फक्त तिथले मासे उष्ण देशांतले होते. आमचे गोल्डफिश, त्यांना गार पाणी लागतं. त्यात हीटरचं आपोआप बंद होणं माझ्या जन्माआधीच बिघडलेलं. आणि बाहेर आमचा मे महिना.

* * *

पहिल्याच उन्हाळ्यात एका टाकीतले सगळे मासे मेले. मीटिंग बसली. ट्रस्टी गुरुजी, रिटायर्ड हेडमास्तर, म्हणाले, "नजर लागली."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाकीवर लिंबू-मिरची! एक मिरची पाण्यात पडली. तीसुद्धा दोन दिवसांत मऊ झाली.

* * *

मुकुटबनहून शाळेची सहल आली. सगळे मासे पाण्याच्या वरच्या थरात, आ वासून. एका चिमुरडीनं विचारलं, "मॅडम, हे काहून बाहेर येऊन राह्यले?"

मी तोंड उघडायच्या आत गुरुजी म्हणाले, "बेटा, ते तुम्हाले नमस्कार करून राह्यले!"

सगळ्या वर्गानं उलट नमस्कार केला. संध्याकाळी त्यातल्या कित्येक नमस्कारवाल्यांची मढी मी जाळीनं काढून बादलीत टाकली.

* * *

हॉलमध्ये युरोपातल्या त्या मत्स्यालयाचा फोटो आहे. एकदा काकाजींना त्याच्यासमोर उभं केलं.

"काकाजी, या लोकायच्या अंगावर ओव्हरकोट पाहा. तिथं थंडी होती."

"मंग? दादाजीच्या पुण्यतिथीले मीबी कोट घालतो. मेमधे!"

"अन् घामानं भिजता."

"भिजतो, पण काढत नाही!"

* * *

यंदाच्या पुण्यतिथीला एकच मासा उरला होता, मोठा केशरी. सकाळी तोही वर येऊन आचके द्यायला लागला. मी हीटर बंद केला आणि माठातलं पाणी थोडं थोडं टाकीत सोडू लागले. तेवढ्यात काकाजी आले, कोट घालून, सगळ्या ट्रस्टींना घेऊन. मंडळी भाड्याच्या कूलरसमोर बसली. काकाजींची नजर बटनावर गेली.

"पोरी, लाव थे बटन."

"नाही लावत."

"दादाजीचा नियम हाय!"

"नोकरी जाईन तुही," गुरुजी म्हणाले.

"जाऊ द्या." मी बटनापुढे जाऊन उभी राहिले. "हीटर लावायचाच असन, तर आधी तुमचा कूलर बंद करा. दार लावून घ्या. अन् हा मासा मरेपर्यंत इथंच बसा. कोट काढायचा नाही."

कूलर तेवढा घरघरत राहिला, आणि तो बंद करायला कोणीच उठलं नाही.