आमची डाळ चमकणार नाही

औरादच्या आठवडी बाजारात आज आमच्या बचत गटानं स्वतःच्या गिरणीत केलेली तूरडाळ विकायला मांडली.

शेजारचा व्यापारी हसायलाय. "अक्का, पॉलिश कामून न्हाई मारलं? कोण घेतंय ही? तूर आम्हाला द्या, डाळीचं आम्ही बघतो."

तेवढ्यात आमच्याच गावच्या काकू आल्या. सकाळी त्यालाच तूर विकलेली, आता डाळही त्याच्याकडूनच घ्यायलाल्या! मी विचारलं, "काकू, तुम्ही जात्यावर भरडायच्या, ती डाळ अशी चमकायची का?"

त्यांनी आमचा एक दाणा दाताखाली फोडला. "न्हाई गं," म्हणाल्या आणि पिशवी माझ्यापुढं धरली.

पुढच्या बाजारी त्याच्याच शेजारी बसणार. बिनपॉलिशची डाळ घेऊनच.

तुमच्या रानातली तूर तुमच्याच घरात शेवटची कधी शिजली?