अफशीन मॅडमचा बाजाराचा पाठ

अफशीनला लहानपणी घरात सगळे ‘काहून’ म्हणायचे. पोरगी उठल्यापासून झोपेपर्यंत विचारून विचारून माणसाचं डोकं उठवायची. ढग काहून पळतात, मांजर काहून डोळे मिटून दूध पितं, फूफी यायची म्हटलं की अम्मा चादर काहून बदलते. वडील खाजा मिया हिंगोलीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, बारदाना विकतात, म्हणजे हळद-सोयाबीनसाठी लागणारी रिकामी पोती. नवी विकायची, जुनी शिवून द्यायची. शाळा सुटली की ही त्या पोत्यांच्या ढिगावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या शेतकऱ्याला हटकायची, “मामू, तुमची हळद अशी काळपट काहून?” शेतकऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या आणि आडत्याला खोकला यायचा. खाजा मिया कपाळावर हात मारून म्हणायचे, “ये छोकरी मेरा धंदा बिठाती.”

तीच छोकरी पुढं मराठी घेऊन बीए झाली, आणि बीएडला गेली तेव्हाही शिकवायचा विषय मराठीच घेतला. आता ‘काहून’ विचारायची पाळी लोकांची होती. एका लांबच्या चाचानं तर लग्नाच्या पंगतीत विचारलं, “उर्दू सोडून मराठी काहून? तुला कोण शिकवू देणार?” अफशीननं बिर्याणीचा घास न थांबवता सांगितलं, “चाचा, मोंढ्यात मी शिव्यासुद्धा मराठीतच शिकले. मग शिकवायला काय हरकत आहे?” चाचा आपल्या ताटाकडं वळले, पण त्यांचं ते ‘कोण शिकवू देणार’ हिच्या कानात राहिलं ते राहिलंच.

बीएडच्या पोरांना काही महिने खऱ्या शाळेत जाऊन शिकवावं लागतं. अफशीनला सेनगावच्या पुढची एक जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. गावाचं नाव मी सांगत नाही. उगाच कशाला? गावात माझंही येणं-जाणं आहे आणि तिथला चहा मला बंद करून घ्यायचा नाही. तर सेनगावपर्यंत एसटी आणि पुढं जीप. जीपवाला माणसं अशी कोंबायचा की उतरल्यावर आपले पाय आपलेच आहेत ना, हे बघून घ्यावं लागायचं.

पहिल्या दिवशी पाचवीची पोरं नुसती टकामका बघत होती. हिचा स्कार्फ बघत होती, हिचं नाव पुटपुटून बघत होती. शेवटी पुढच्या बाकावरची एक बारकी, दोन घट्ट वेण्यांची पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, तुमाला येवढी मराठी कशी काय येऊन राहिली?”

“तुला कशी येते?”

“मला तं जलमापासून येते.”

“मलाबी,” अफशीन म्हणाली, आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला.

ती पोरगी म्हणजे पेमा. पुंजाजी आणि देवला या शेतकरी नवरा-बायकोची लेक. एक नंबरची आगाऊ. प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचा हात वर. मधल्या सुटीत ती अफशीनच्या शेजारीच येऊन बसायची आणि डब्यात काय आहे ते नाकानंच ओळखायची. अफशीनच्या डब्यात खिचडी आणि चिंचेचा खट्टा असला तर बघायलाच नको. पोरीनं एकदा खट्ट्याची वाटी बोटानं अशी पुसून खाल्ली की धुवायचीसुद्धा गरज उरली नाही. अफशीनला वाटायचं, चाचाला इथं आणून हे दाखवावं.

आणि मग तो पाठ आला.

कॉलेजच्या शिला मॅडम पाठ बघायला येणार होत्या. त्या मागच्या बाकावर बसतात, काही बोलत नाहीत, आणि त्यांच्या गप्प बसण्यानंच बीएडच्या पोरांना घाम फुटतो. अफशीननं संवादाचा पाठ घ्यायचं ठरवलं. वर्गातच आठवडी बाजार मांडायचा, आपण दुकानदार व्हायचं, पोरांनी गिऱ्हाईक व्हायचं, घासाघीस करायची, त्यांना बोलतं करायचं. हिंगोलीहून तिनं पिशवी भरून वस्तू आणल्या. तूरडाळ, ज्वारी, लाल मिरची, हळकुंडं, खडेमीठ. टेबलावर मांडल्या. पोरांची तोंडं फुलली. बाजार म्हटल्यावर आपल्याकडं म्हाताऱ्याचीसुद्धा कळी खुलते, ही तर लेकरं.

पहिलं गिऱ्हाईक अर्थातच पेमा. कंबरेवर हात ठेवून, आईची हुबेहूब नक्कल करत ती आली. “काय हो, मीठ कसं लावलं?”

“घ्या की बाई, तुमच्यासाठी स्वस्त लावते,” असं म्हणून अफशीननं मूठभर मीठ उचललं आणि तिच्यापुढं धरलं. “घ्या, चाखून बघा.”

पेमानं दोन्ही हात झटकन पाठीमागं नेले.

“अगं घे ना.”

पेमानं मान हलवली. अफशीनला वाटलं, पोरगी लाजली. तिनं शेजारच्या पोराकडं मूठ वळवली. त्यानंही हात मागं घेतला. तिसऱ्यानं तर बाकाखालीच घातले.

“काहून? काय झालं?”

पेमा खाली बघत हळूच म्हणाली, “असं घेत नसतात, मॅडम.”

एवढंच बोलली. आणि अफशीनच्या पायाखालची जमीन सरकली. तिच्या कानात चाचा खो खो हसले. तिनं मीठ परत ठेवलं, हात ओढणीला पुसला आणि पाठ कसाबसा पुढं रेटला, पण त्यात आता राम राहिला नव्हता. पोरं हो-नाहीपुरतं बोलत होती. बाजार उठला म्हणा ना.

शिला मॅडमनी मागून एवढंच पाहिलं होतं की पाठ सुरुवातीला छान चालला आणि मधेच गडगडला. बाहेर आल्यावर अफशीन त्यांना म्हणाली, “मॅडम, मला शाळा बदलून द्या.”

“का गं? काय झालं?”

अफशीनला सांगता येईना. सांगायचं तरी काय? की लेकरांनी माझ्या हातचं घेतलं नाही? ते तोंडातून निघालं असतं तर डोळ्यांतूनही निघालं असतं. ती म्हणाली, “जीपची तकलीफ होते.” शिला मॅडमनी शाळांची यादी काढून पाहिली. हिंगोलीतल्या एका उर्दू शाळेत जागा रिकामी होती, ती देता येईल म्हणाल्या. “पण नीट विचार कर. शनिवारी सांग.”

घरी आल्यावर मात्र बांध फुटला. “मेरे हाथ से नै लिये अब्बा. बच्चे!” अख्तरी, तिची अम्मा, शिवणाच्या मशीनवरून उठली आणि म्हणाली, नको जाऊ, आपल्या गावात काय शाळा नाहीत? खाजा मिया बराच वेळ पोत्याला टाके घालत राहिले. मग म्हणाले, “बेटी, तू सारी उमर दुनिया कू काहून-काहून करके सताई. अब इत्ती बडी बात पूछे बगैर छोडती क्या?” गंमत बघा, तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात हे आलं नाही की मुठीत होतं काय. दुखलं की माणूस हात बघतो, मुठीतलं बघत नाही.

पुढचे दिवस अफशीन शाळेत गेली, पण अंग चोरून. वर्गात शिकवायची आणि सुटी झाली की मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन डबा खायची. पेमा एकदा फ्रॉकच्या ओच्यात बोरं घेऊन आली. “मॅडम, बांधावरची हायेत. लई गोड.”

“नको मला,” अफशीन म्हणाली. पेमा बोरं तशीच ओच्यात घेऊन गेली.

पण ते कोडं काही तिला सुखानं जगू देईना. जीपमध्ये कोंबून बसलेली असताना डोक्यात भुंगा चालू. जी पोरगी आपला खट्टा बोटानं पुसून खाते, तिला आपल्या हातचं कसं चालत नाही? बरं, घरच्यांनी मधेच काही शिकवलं म्हणावं, तर मग बोरं काहून आणली? देणं चालतं आणि घेणं चालत नाही, असा हा कुठला हिशेब? जितका विचार करावा तितका गुंता. आणि शाळा बदलली की हा गुंता जन्मभर पदराला बांधलेला राहणार, हेही तिला कळत होतं. जिथं जाईल तिथं, कुणासमोर हात पुढं करताना आधी तो मागं घ्यावासा वाटणार. अशी मास्तरीण काय शिकवणार, कपाळ!

शुक्रवारी पेमा शाळेतच आली नाही. त्यांच्या शेतात हळद शिजवायचं काम निघालं होतं. उद्या शनिवार. मधल्या सुटीत अफशीननं मुख्याध्यापकांना सांगितलं, एका मुलीच्या घरी जाऊन येते, आणि पायवाटेनं तरातरा निघाली. काय विचारणार, कसं विचारणार, काही ठरलं नव्हतं.

शेतात वाफेचा लोट उठला होता. मोठाल्या ड्रममधून शिजलेली हळद पोरं-बाप्ये ताडपत्रीवर ओतत होते. पुंजाजीनं लांबूनच हात केला, “आवो, मॅडम आल्या!” देवला तीन दगडांच्या चुलीवर गड्यांसाठी पिठलं रटरटवत होती. तिनं पदरानंच एक पोतं झटकून पुढं टाकलं. “बसा जी. पोरीला आज मीच ठिवून घेतलं. रागं नका भरू. जेवूनच जायचं बरं का.”

जेवूनच जायचं! अफशीन पोत्यावर बसली खरी, पण आता तिचा गोंधळ दुप्पट झाला.

पेमा आईच्या पलीकडं उभी होती. मॅडमकडं बघत होती आणि बघत नव्हती. देवला पिठलं ढवळत म्हणाली, “पेमे, मीठ दे बरं.”

पेमानं डब्यातलं मीठ वाटीत काढलं, आईजवळ आली आणि वाटी तिच्या हातात न देता खाली मातीवर ठेवली. देवलानं पळी सोडून वाटी मातीवरून उचलली. मायलेकी दोघी एकमेकींच्या हातभर अंतरावर.

अफशीन पोत्यावरून उठलीच. “देवलाताई, वाटी खाली काहून ठेवली तिनं?”

“कुठं?”

“ही. मिठाची. हातात काहून नाही दिली?”

देवला चकित झाली, हे काय विचारणं झालं! “आवो, मीठ कुणी हातात देतंय का? हातावर मीठ दिलं-घेतलं का भांडण होतंय त्या दोघांचं. तुमच्यात न्हाई का असं?”

अफशीनला हसावं की रडावं कळेना. “आमच्यात मिठाचं नाही,” ती म्हणाली. “आमची अम्मा शिवणकाम करते. रिकामी कात्री वाजवली की ओरडते, झगडा लावती क्या घर में म्हणून.”

“कात्रीनं?” देवलाला भारी नवल वाटलं. “आता गं बया! मग आमच्या घरात रोज पोरं कात्री वाजवीत बसतेत, तरीच!” ड्रमजवळून पुंजाजी मोठ्यानं हसला.

अफशीन मात्र पेमाजवळ गेली. खाली उकिडवी बसली. “पेमा, म्हणून तू त्या दिशी मीठ घेतलं नाहीस?”

पेमानं मान हलवली.

“मग सांगायचं नाही का गं मला?”

“त्या मोठ्या मॅडम बसल्या व्हत्या ना मागं. त्याहीच्या समोर तुमाला कसं सांगू, तुमचं चुकलं म्हणून?” पेमा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. “अन् मला तुमच्यासंग भांडण न्हाई पाहिजे व्हतं.”

पेमानं मान वर केली. तिचे डोळे काठोकाठ भरले होते, आणि आवाजात चांगलाच राग होता.

“पर मी मीठ घेतलंच न्हाई, मॅडम. तरीबी तुमी भांडल्याच की. माझ्यासंग बोलल्या न्हाईत. बोरंबी घेतली न्हाईत.”

देवला पळी हातात धरून दोघींकडं बघतच राहिली. अफशीननं तिथंच मातीत बसून त्या पोरीला जवळ ओढलं. पोरीचं सगळं अंग हळदीच्या वाफेनं ओलं झालं होतं. पेमा आधी ताठ उभी राहिली, मग एकदाची तिच्या खांद्यावर हुंदके देऊन रडली, आणि अफशीनही रडली, अगदी गड्यामाणसांच्या देखत.

त्या दिवशी ती दुपारची शाळा बुडवून तिथंच जेवली. पिठलं थोडं करपलं होतं. शनिवारपर्यंत थांबायचं कशाला म्हणून तिनं बांधावरूनच शिला मॅडमना फोन लावला आणि शाळा बदलायची नाही म्हणून सांगितलं. त्यांनी जीपच्या तकलिफीचं विचारलं, तर म्हणाली, मॅडम, जीप तर चांगली आहे, चूक माझीच होती.