अक्रोडी दोरी

सेसिया नदीच्या काठी घोड्याच्या शेपटीच्या केसांची गळाची दोरी वळावी तर चेल्सोने. काठीकडे सोळा केस, टोकाला तीन, आणि मधे पीळ कुठे बारीक होत गेला ते बोटालाही कळू नये. केस घोड्याचेच, घोडीचे नव्हेत. मूत लागून लागून घोडीचे केस कच्चे होतात. टोकाला, आत गळ लपवलेल्या, पिसांच्या चार नकली माश्या बांधायच्या आणि ट्राउट माशाच्या डोक्यावरून अलगद पाण्यावर सोडायच्या.

पण चेल्सोची खरी ऐट रंगात होती. त्याची दोरी अक्रोडी. अक्रोडाच्या हिरव्या सालींच्या गार पाण्यात आठ दिवस मुरलेली, नदीच्या तळाशी मिळून जाणारी.

त्याच्या धाकट्या बहिणीचा, एर्मेलिंदाचा, नवरा ओरेस्ते मात्र पांढरी दोरी वापरी. एका वर्षी, मोसमाच्या शेवटच्या रविवारी, सगळं गाव पुलाखाली मासे धरत असताना चेल्सो त्याला म्हणाला, "काय दाजी, गाय बांधायला आलात?"

लोक हसले. ओरेस्तेने दोरीवरची नजर काढली नाही. "मासा माशी बघतो," तो म्हणाला. "दोरी मी बघायची असते."

लोक पुन्हा हसले, आणि या वेळी चेल्सोला हसले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. बहीण मधे पडली, तर तिच्याशीही तो कामापुरतं बोलू लागला.

पुढे चेल्सोचे डोळे मंदावले. पाण्यावर त्याची स्वतःची दोरी त्याला दिसेना. मासा माशी तोंडात घेई, थुंकून टाकी, आणि याला पत्ता नसे. रिकामी टोपली घेऊन घरी येई आणि नदीच्या नावाने बोटं मोडी. पांढरी दोरी वळायला त्याला एक दिवस पुरला असता. तीन वर्षं त्याने ती वळली नाही.

अबोल्याच्या एकोणिसाव्या वर्षी, मार्चमध्ये, ओरेस्ते वारला. चेल्सो दफनभूमीच्या फाटकापर्यंत गेला आणि परत फिरला. आठवड्याने एर्मेलिंदा तंबाखूचा डबा घेऊन आली. आत पांढरी दोरी होती.

"त्यांनी तुला द्यायला सांगितलं होतं, दादा."

"ठेव तिथे," तो म्हणाला. तिला बसायला सांगितलं नाही.

उन्हाळाभर तो वरच्या घळीत, जिथे फक्त शेळ्या जातात तिथे, ती दोरी घेऊन जात राहिला. काळ्या पाण्यावर ती दुधाच्या धारेसारखी वाहे. जरा अडली की तो मनगट उचली, आणि मासा लागलेला असे. टोपलीचा पट्टा पुन्हा खांद्याला रुतू लागला.

ऑक्टोबर आला, मोसमाचा शेवटचा रविवार आला. पांढरी दोरी घेऊन पुलाखाली उभं राहणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. न जावं तर म्हातारा संपला म्हणतील. स्वतःच्या दोरीला तीन वर्षं मासा नव्हता; हाताला आता हीच सवयीची झाली होती. शनिवारी दुपारी त्याने पातेल्यातल्या पाण्यात अक्रोडाच्या साली टाकल्या आणि ती पांढरी दोरी बुडवली. त्याची बायको डेल्फिना मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत होती. "मेल्यावर तरी त्या माणसाला त्याच्या रंगात राहू द्या," ती म्हणाली.

आठ दिवस हातात नव्हते. त्याने पातेलं चुलीवर ठेवलं. तापवलेला केस ठिसूळ होतो, हे खोऱ्याला त्यानेच शिकवलं होतं. फक्त कोमट करायचं, असं त्याने ठरवलं होतं. वाफ त्याला दिसली नाही.

रविवारी पुलाखाली दोरी पाण्यात त्याला दिसेनाशी झाली; पण मासा एवढा मोठा होता की झटका थेट हाताला आला. काठी वाकली. आणि वाळल्या गवतासारखी दोरी मधेच तुटली. कोणीच हसलं नाही.

बायकांबरोबर वाइन घेऊन आलेली एर्मेलिंदा काठावर उतरली. लोंबणारा तुकडा तिने हातात घेतला, गाठ चाचपली. नवऱ्याच्या हातची गाठ ओळखायला तिला रंग लागला नाही.

"तुला दोरी दिसत नाही, हे ते समोरच्या काठावरून तीन वर्षं बघत होते," ती म्हणाली. "अंथरुणात बसून वळली ही."

"रंग तेवढा दिला मी."

"सोड काठीवरून. उरली तेवढी मला दे."

चेल्सोच्या बोटांना काठीवरची गाठ सुटेना. शेवटी तिनेच सोडवली, बोटाभोवती गुंडाळून एप्रनच्या खिशात टाकली आणि पूल चढून गेली.

त्यानंतरही चेल्सो कितीतरी वर्षं दोऱ्या वळत राहिला. कोणी पांढरी मागितली, तर हल्ली पांढऱ्या शेपटीचे घोडेच मिळत नाहीत, असं सांगे. समोरच्या कुरणात शेजाऱ्याचा पांढरा घोडा चरत असे. तो त्याला दिसत नसावा, असं लोक मानत.