बुजवायची राहिलेली देवळी

मंडळी, आज दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती नेदरलँड्समधल्या लायडन शहरात शिकते. म्हणाली, "आई, बाबा, इथलं जुनं चर्च दाखवते."

आमची ही सेनगावात अंगणात बसलेली. चर्च म्हटल्याबराबर तिनं चपला काढल्या आणि फोनला हात जोडले. मला हसू आलं.

आत भिंती पांढऱ्याफेक आणि त्यात रिकाम्या देवळ्या, आपल्या दिवा ठेवायच्या कोनाड्यांसारख्या. लेक सांगू लागली, "आधी इथं संतांच्या मूर्ती होत्या. पुढं प्रोटेस्टंट लोकांनी त्या काढल्या, चित्रांवर चुना मारला. देवळ्या तेवढ्या राहिल्या."

"मग बुजवल्या काहून न्हाईत?" हिनं विचारलं.

लेकीनं फोन एका देवळीजवळ नेऊन दाखवला.

फोन ठेवून ही उठली ती थेट लेकीच्या खोलीत गेली. तिथल्या देवळीत लेकीची पुस्तकं असायची. मी मागं गेलो, तर ही पदरानं ती रिकामी देवळी पुसून राहिली होती. घराला रंग द्यायचा म्हणून ती बुजवायला उद्या गवंडी येणार होता.

मी बाहेर येऊन त्याला फोन केला, "येऊ नको."

तुमच्या घरात कुणाची जागा अशी तशीच ठेवलीय?