मातीचा सुगंध मीच लिहिला

"खोलीत स्प्रे मार."

स्टुडिओच्या सरनं एवढंच म्हणलं. माय गाणं म्हणून काचेच्या दारातून नुकतीच बाहेर आली होती. हेडफोननं विस्कटलेले केस सारखे करत चपला शोधून राहिली होती. तिच्या देखत त्यानं नाकाले रुमाल लावला अन् मले टेबलावरचा डबा दाखवला. मोगऱ्याच्या वासाचा. मी उठली. खोलीत गेली. चारही कोपऱ्यात मारला. माईकवर उडू नये म्हणून वरून हातही धरला. तेवढं डोकं चाललं माहं. तोंड नाही चाललं.

साकोलीच्या त्या स्टुडिओत मी लिहायच्या कामाले होती. नाटकाची, लग्नाची गाणी तिथं रेकॉर्ड होत, मग मोबाईलवर सोडत. गाण्याखाली ज्या चार ओळी असतात त्या माह्या. कोणी गायलं, कोणी वाजवलं, गाणं कुठचं. सर चारचौघांत म्हणत, हिच्या हाताले धार आहे. मी फुलून जात होती.

आम्ही ढिवर. बाप तलावात जाळं टाकते, माय मासोळ्या विकते, थंडीत शिंगाडे. हे मी स्टुडिओत कधी सांगितलं नव्हतं. घरून निघताना दोनदा साबण लावत होती. आता लिहितानाही कान गरम होऊन राहिले.

सरले गावातलं जुनं गाणं पाहिजे होतं. मी म्हणलं, आमच्या गावात एक बाई आहे. एक बाई! पोटच्या पोरीनं मायले बाई करून टाकलं. माय बिचारी ठेवणीतलं लुगडं नेसून एसटीनं आली. सरनं तिले वरून खाली पाह्यलं अन् मले विचारलं, "तुझ्या ओळखीची का?"

"आमच्या गावची आहे," मी म्हणलं.

मायनं माह्याकडं पाह्यलं. तिच्या पिशवीत माह्यासाठी उकडलेले शिंगाडे होते, मले दिसत होते. तिनं पिशवीचं तोंड बांधून घेतलं. मग दारापाशी भुईवर जाऊन बसली. खुर्च्या चार रिकाम्या होत्या. बस म्हणाले मी काहून गेली नाही?

ते गाणं काही जुनं नव्हतं. मी शिकाले भंडाऱ्याच्या होस्टेलात गेली तवा मायनं तलावात उभ्या उभ्या जोडलं होतं.

होस्टेलात माही पोर, शिंगाडे सोलू कोनासाठी.

सर म्हणे, जुन्या गाण्यात होस्टेल कुठून आलं? सासर टाका. माय तीनदा चुकली. तीनदा तिच्या तोंडून होस्टेलच निघालं. सर वैतागला. चौथ्या बारीले तिनं मान खाली घालून "सासुराले" म्हणलं. माहं अजून लग्नही झालं नाही, पण काचेच्या पलीकडून सरनं माह्या मायच्या तोंडूनच मले सासरी धाडलं. बांगड्या वाजतात म्हणून त्यावर तिनं पदर गुंडाळून धरला होता. मी पाहत बसली.

ती गेल्यावर मी लिहाले बसली. सरनं मले रीत शिकवली होती, अशा लोकांबद्दल लिहिताना माणूस नाही लिहायचा, माती लिहायची. मी लिहिलं, "तलावकाठच्या मातीचा सुगंध ल्यालेलं लोकगीत. शब्द आणि चाल पारंपरिक." संगीतात सरचं नाव टाकलं. मायचं कुठंच नाही. बोटाले मोगऱ्याचा वास येऊन राहिला होता, अन् मी मातीचा सुगंध लिहून राहिली होती. सर म्हणे, वा. थू माह्या जिंदगानीवर.

घरी गेली त माय रागावली नाही. रागावली असती त बरं झालं असतं. तिनं सोललेल्या शिंगाड्यांची ताटली पुढं सरकवली.

"खाय," ती म्हणली. "गावच्या बाईनं आनले."

मी ताटली झाकून ठेवली.

सकाळी स्टुडिओत जाऊन मी ते पुसलं अन् नव्यानं लिहिलं. हे गाणं भागरताबाईचं. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा. पोरगी होस्टेलात गेली तवा तिनं हे जोडलं. होस्टेल काढून सासर इथं टाकायले लावलं. गायची बारी येईपर्यंत ती भुईवर बसली होती. ती बाहेर आल्यावर खोलीत स्प्रे मारला. मारणारी मी. तिची लेक.

सरनं वाचलं. चष्मा काढला.

"ती तुझी आई?"

"हो. माही माय."

"अगं, आधी सांगायचं ना. खुर्ची दिली असती."

म्हणजे दुसऱ्या कोणाची माय असती त भुईच. मग त्यानं समजावलं, नाव राहू दे पण खालचं काढ, स्टुडिओची बदनामी होते. नसेल काढायचं त उद्यापासून येऊ नको.

"एकही ओळ निघत नाही," मी म्हणलं, अन् पिशवी घेऊन उतरली.

गाणं त्यानं मोबाईलवर सोडलंच. खाली माह्याच जुन्या ओळी आहेत, मातीचा सुगंध. गावातली पोरं मायले ऐकवतात. "सासुराले" आलं की ती उठून जाते. मी तिचं नाव लिहिलं होतं हे तिले सांगितलं, त म्हणे, तवा बोलाचं होतं. बरोबर आहे तिचं.

आता गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडं मी वही घेऊन जाते. पहिलं नाव विचारते. मग चाल कोणाची. मग, स्टुडिओत काय बदलायले लावलं, अन् बसाले काय दिलं. जे सांगतील ते तसंच लिहिते. माती लिहित नाही.

वहीच्या पहिल्या पानावर मीच आहे. स्प्रे मी मारला. जिथं हे छापीन तिथं ते पान पहिलं राहील.