बातमाच्या तोंडातला दगड

बातमाने सव्वीस वर्षांत एक वेळ सोडली तर 'दगड' हा शब्द तोंडातून काढला नव्हता. सासऱ्याचं नाव ताशतान, आणि त्यांच्या भाषेत ताश म्हणजे दगड; खडा, मुतखडा, सगळं ताशच. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि नावात जो शब्द बसलाय तोही घ्यायचा नाही. म्हणून बातमा दगडाला 'टणक' म्हणायची. तांदळात टणक सापडायचे, नदीवरून टणक आणायचे, गोठ्याची भिंत टणकांची. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना खरा शब्द निसटला, तेव्हा ताशतानने तिला त्या रात्री जेवणाच्या भरल्या दस्तरखानावरून उठवलं होतं. पुढे एकदा तिने हुशारी करून रशियन शब्द वापरून पाहिला. म्हाताऱ्याने चहाची वाटी फेकून मारली.

"कुठल्याही भाषेत तो मीच," म्हणाला.

आता गावातल्या इतर सुना सासऱ्याला फोनमध्ये नावानिशी ठेवतात आणि बाजारात खुशाल हाका मारतात. त्यांच्या सासऱ्यांचं काही झडलं नाही. पण ताशतान जन्मभर सरकारी मेंढ्यांचा मुकादम होता आणि मेंढ्या गेल्यावर त्याच्या हाताखाली उरली ती एकटी सून. नवरा सोवेतबेक वर्षातले दहा महिने सैबेरियात इमारती बांधायचा. घरी गाय, पंधरा मेंढ्या आणि हा म्हातारा, तिघांचं शेण-मूत बातमाने काढायचं. तो तिला 'ए' म्हणायचा. तिचं नाव घ्यायला त्याला कुणाची बंदी नव्हती, तरीही.

आणि नेमका हाच माणूस मुतखड्याचा. बारा वर्षांपूर्वी खड्यानेच त्याची डावी किडनी सडवली आणि ती काढून टाकावी लागली. तेव्हाच्या म्हाताऱ्या सर्जनने बातमाला बाजूला घेऊन बजावलं होतं, "आता एकच उरलीय. तिच्यात खडा अडकला आणि लघवी थांबली, तर एक दिवससुद्धा घरात बसू नका." बातमाने ते कानात कोरून ठेवलं. म्हाताऱ्याने ऐकलंच नव्हतं.

गुरुवारी लघवी थांबली. शुक्रवारी तो शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये बसून नदीच्या पात्रातून दोन तास आदळत फिरला, का तर धक्क्यांनी खडा खाली उतरतो. शनिवारी पाय सुजले, उलट्या झाल्या, बोलणं बरळल्यासारखं व्हायला लागलं. तेव्हा कुठे तो टॅक्सीत बसला.

नारिन शहराच्या इस्पितळात मूत्रविकार विभाग तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. दारावर नियमांचा कागद चिकटवलेला: चादर आपली आणा, चपला आपल्या आणा, सुया आपल्या आणा. उपचार तेवढे त्यांचे, तेही सोमवार ते शुक्रवार. आत गेल्या गेल्या कुलिपा नावाची नर्स अंगावर आली.

"बुटांवर पिशव्या कोण घालणार? तुमचे मेंढपाळी पाय घेऊन फिरताय सगळीकडे!"

ओळखपत्र तिने बातमाच्या हातातून ओढूनच घेतलं, नाव उतरवलं आणि बेडकडे बोट दाखवलं. मग म्हाताऱ्याला नळी घातली. तो शिव्या देत होता, दोन्ही मुठींनी शर्ट खाली ओढून धरत होता. नळीतून काही आलं नाही.

"मूत्राशय कोरडं आहे. पाणी पीत नसेल थेरडा," कुलिपा म्हणाली आणि दुसऱ्या बेडकडे गेली.

डॉक्टर एर्मेक सादिरोविच तासाभराने आला. राजधानीत वाढलेला, रशियन शाळेतला. आपलीच भाषा तो परक्या घरच्या जोड्यांसारखी वापरायचा. वॉर्डात चौदा माणसं आणि डॉक्टर तो एकटा, त्यामुळे रागावलेलाच आला.

"काय त्रास आहे? लवकर सांगा."

"उजव्या किडनीत टणक आहे, डॉक्टर. दोन दिवस थेंब नाही."

"टणक म्हणजे? गाठ?"

"गाठ नाही. टणक."

"टणक गाठ," डॉक्टरने लिहिलं. "आधी कधी काही झालं होतं?"

"डावीकडची काढलीय. तीही टणकामुळेच."

"डावीकडची गाठ काढली," तो लिहीत म्हणाला. "बाई, हे कॅन्सरचं प्रकरण आहे. आमच्याकडचं नव्हे. सलाईन लावतो, घरी न्या. सोमवारी गाठींच्या डॉक्टरांकडे कागद घेऊन जा."

"सोमवारी? अहो, दोन दिवस लघवी नाही!"

"सलाईनने येईल. मी एकटा आहे, बाई, माझे काय दहा हात आहेत?"

आणि गेला. बातमा त्याच्यामागून दाराबाहेर आली आणि तिथेच थांबली.

तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. सोमवारपर्यंत हा राहणार नाही. आणि तिला कुणी काही म्हणणार नाही. तिने म्हाताऱ्याला इस्पितळात आणलं, डॉक्टरने घरी न्या म्हटलं, तिने नेलं. सुनेची जीभ शेवटपर्यंत शुद्ध राहिली म्हणून गाव उलट कौतुक करेल, मयताला आलेल्या बायका तिच्याकडे बोट दाखवून आपल्या सुनांना सांगतील. घर मोकळं होईल. सकाळी 'ए' ऐकून जाग येणार नाही. बातमाला याची लाज वाटली नाही, उलट छातीत गार वारा शिरल्यासारखं वाटलं. एक शब्द गिळायचा होता, आणि तो तर ती सव्वीस वर्षं गिळत आली होती.

आत म्हातारा ओकला. मग कण्हत म्हणाला, "ए... कुठे मेली ही?"

बातमा फिरली. दया आली म्हणून नाही. तिला एकदम असा राग आला की पायाखालची फरशी दिसेना. हा असा तिच्या गुणांवर मरणार, तिची जीभ खाऊन मरणार, आणि वर गाव तिच्याच चांगुलपणाचे गोडवे गाणार? ती वॉर्डात शिरली आणि शेवटच्या बेडजवळ उभ्या डॉक्टरकडे बघून ओरडली.

"ताशतान! या माणसाचं नाव ताशतान! आणि याच्या किडनीत दगड आहे! गाठ नाही, दगड! डावी किडनी अख्खी काढलीय दगडामुळे, ही एकच उरलीय, आणि तिच्या तोंडाशी दगड अडकलाय! दगड, दगड, दगड!"

चौदा बेडवरच्या माना वळल्या. कुलिपाच्या हातातला ट्रे खणकन खाली आला. म्हाताऱ्याने डोळे उघडले.

डॉक्टर धावतच आला. त्याने म्हाताऱ्याच्या मुठी सोडवून शर्ट वर केला. डाव्या कुशीत बरगडीपासून कमरेपर्यंत गेलेला जुना व्रण होता.

"एकच किडनी? आणि हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"सून झाले होते," बातमा म्हणाली.

त्याला कळलं नाही. कुलिपाला कळलं, आणि तिने पहिल्यांदाच आवाज न चढवता फोन उचलला. सोनोग्राफीवाल्याला पुतण्याच्या लग्नाच्या पंगतीतून उठवून आणलं. तो तोंड पुसत, रागारागाने आला. डॉक्टरने पाठीतून थेट किडनीत नळी घातली, आणि थोड्याच वेळात पिशवीत लालसर लघवी उतरायला लागली. खडा नंतर काढू, डॉक्टर म्हणाला, आज माणूस वाचला तेवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताशतान शुद्धीवर होता. सूज उतरली होती आणि जीभ जागेवर आली होती.

"तू माझं नाव घेतलंस. परक्या माणसांसमोर."

"घेतलं."

"सोवेतबेकला फोन लाव. म्हणावं, हिला माहेरी पोचव. असल्या सुनेच्या हातून वाचण्यापेक्षा मेलो असतो तरी चाललं असतं."

"मलाही चाललं असतं," बातमा म्हणाली. "बाहेर उभी राहून मी तेच ठरवत होते."

म्हाताऱ्याने मान तिच्याकडे वळवली.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"चहा उकळायला लागतो तेवढा."

तो हात पांघरुणाखाली घेऊन छताकडे बघत पडला. बातमाने वाकून पिशवी पाहिली, ती गळ्यापर्यंत भरली होती. ती दाराशी गेली.

"कुलिपा," तिने हाक मारली, "ताशतानची पिशवी भरलीय, बदलायला ये."