बाबांनी रंगवलेले हिरवे चौकोन

नव्वदच्या दशकात मी अंबरनाथ पूर्वेला आईबाबांकडे राहायचे आणि एका संशोधन संस्थेत गणिताची नोकरी करायचे. संस्थेने काही पोरकी शेकरं वाढवली होती. ती कोणत्या जंगलात सोडली तर जगतील, हे गणिताने ठरवायचं होतं. शेकरू म्हणजे झाडावरची मोठी खार. फांदीवरून फांदीवर जाणारी, जमिनीवर उतरायला भिणारी. म्हणून मी नकाशावर चौकोन पाडले होते. फांदीला फांदी भिडलेली दाट झाडी हिरवी, विरळ असेल तर पिवळी, उजाड जागा कोरी. हिरव्याला दोन, पिवळ्याला एक, कोऱ्याला शून्य. हे आकडे कॉम्प्युटरला दिले की शेकराला सलग वाट कुठे मिळेल ते तो सांगायचा. आमची शेजारीण मला हसायची, "खारींना फ्लॅट शोधून देते ही!"

बाबा तेव्हा आनंदनगरच्या कारखान्यातून नुकतेच रिटायर झाले होते. घरी बसून आईच्या आमटीत खोट काढण्यापेक्षा बरं, म्हणून जंगलात फिरून चौकोन रंगवायच्या पाहणीला मी त्यांना नेऊ लागले. त्यांचं गाव बारवी धरणाच्या बाजूला, डोंगरात. लहानपणी अंगणातून शेकरू पाहिल्याची गोष्ट ते जेवताना हमखास सांगत आणि आम्ही हमखास कंटाळत असू. नेमकी त्या गावच्या पाहणीच्या वेळी मी तापाने फणफणले. बाबा एकटेच गेले आणि चौकोन रंगवून घेऊन आले.

निकालात त्यांच्याच गावचं जंगल पहिलं आलं. बाबांनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. मलाही फार आनंद झाला. पिंजरे हलवण्याआधी जागा एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून आम्ही दोघं निघालो, तर बाबा बदलापूरच्या एसटी स्टँडवरच रेंगाळू लागले.

गावामागची सगळी उतरण बोडकी होती, माथ्यावर तेवढी चार झाडं उरली होती. मधे मधे बुंधे, त्यांवर सुकत घातलेल्या गोवऱ्या.

माझा राग मुळातच नाकाच्या शेंड्यावर. "बाबा, इथे हिरवं कसं भरलंत तुम्ही?"

"होतं गं इथे," ते म्हणाले. "मला वाटलं, एकदा शेकरं आली की उरलेल्या झाडांना कोणी हात लावणार नाही. फॉरेस्टवाले येतील, राखण बसेल."

"आणि तोवर? झाडं संपली की ती खाली उतरणार. गावात कुत्री किती आहेत ते बघा!"

ते खरंच बघू लागले. एक कुत्रं जवळच्याच बुंध्यापाशी झोपलं होतं. मला माझ्या चढ्या आवाजाची लाज वाटली, पण बोलले त्यातला एक शब्दही मागे घेता येण्यासारखा नव्हता.

घरी आल्यावर मी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि खोडरबर घेतलं.

"दे इकडे," बाबा म्हणाले. "मीच पुसतो."

ते एकेक चौकोन पुसू लागले आणि पुसताना सांगू लागले. "हा रायवळ आंबा. इथून ओढ्यापर्यंत सगळी जांभळं. हा हिरडा, ह्याच्यावर घरटं होतं त्यांचं." ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती, पण त्या दिवशी मला कंटाळा आला नाही, रडू आलं. बाबा झाडांची नावं घेत होते आणि शेजारी बसून मी प्रत्येक नावापुढे शून्य लिहीत होते.